मालक जनरल मॅनेजरला नारळ का देतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही काही जण पहाटे उठून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे सामने पाहतो. तिकडे अमेरिकेत रात्र रंगलेली असते आणि इकडे दारावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा जात असतो. संध्याकाळी कोर्टवर मुले येतात ती प्रश्न घेऊनच. 11 नोव्हेंबर 2025 रोजी डॅलस मॅव्हरिक्सने आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढले, तेव्हापासून एकच विषय फिरून फिरून येतो: बॉल खेळाडू टाकतात, डावपेच कोच आखतो, मग ऑफिसात बसणाऱ्या माणसाची नोकरी का जाते? तोंडी उत्तरे देताना दर वेळी काहीतरी राहून जायचे, म्हणून सगळे एकदा लिहून काढले.

जनरल मॅनेजर म्हणजे फुटबॉलमधला मॅनेजरच ना?

नाही. गोव्यात हा घोळ होणारच, कारण आपण सगळे फुटबॉलवर वाढलो. फुटबॉलमधला मॅनेजर मैदानाच्या कडेला उभा असतो, अकरा जण निवडतो, बदली खेळाडू उतरवतो. बास्केटबॉलमध्ये हे सगळे कोच करतो. जनरल मॅनेजर, ज्याला सगळे नुसते जीएम म्हणतात, तो त्या कोचच्या हाती कोणते पंधरा खेळाडू द्यायचे ते ठरवतो. कोणाला किती पगार, किती वर्षांचा करार, कोणाच्या बदल्यात कोण घ्यायचा, जूनमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणता मुलगा उचलायचा आणि मुळात कोच कोण असावा, हे त्याचे काम.

काही संघांत त्याच्याही वर प्रेसिडेंट असतो आणि शेवटचा शब्द त्याचा असतो. काही ठिकाणी दोन्ही पदे एकाकडेच असतात. हॅरिसन यांच्याकडे दोन्ही होती. या पानावर शेवटचा शब्द ज्याचा, त्याला मी जीएमच म्हणणार आहे.

संघ हरला की आधी कोच जातो. जीएम का नाही?

कारण कोच बदलणे सर्वांत सोपे. एनबीएमधले करार बहुतेक हमीचे असतात. खेळाडू नकोसा झाला तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. पंधरा खेळाडू एका रात्रीत बदलता येत नाहीत, कोच येतो. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? संघात लांबून नेम लागणारा एकही खेळाडू नसेल, तर कोणताही कोच तो फळ्यावर आखून निर्माण करू शकत नाही. नव्या कोचनेही निकाल तेच येऊ लागले की मालकाची नजर आपोआप वरच्या खुर्चीकडे वळते.

सॅक्रामेंटो किंग्समध्ये हा क्रम स्वच्छ दिसला. डिसेंबर 2024 मध्ये कोच माइक ब्राउन गेले आणि एप्रिल 2025 मध्ये जीएम माँटी मॅकनेअर. डेन्व्हर नगेट्सने मात्र एप्रिल 2025 मध्ये कोच मायकल मलोन आणि जीएम कॅल्व्हिन बूथ यांना एकाच दिवशी काढले. साखळीचे तीनच सामने उरले होते. संघाने 47 जिंकले होते आणि 32 हरले होते. 2023 चे विजेतेपदही याच संघाचे.

47 विजय असताना जीएम जातो? मग किती सामने हरल्यावर हकालपट्टी होते?

असा कोणताही आकडा नाही. आपल्याकडच्या लोकांना हे पटवणे मला सगळ्यांत जड जाते, कारण गोवा प्रोफेशनल लीगमध्ये तळाला राहिलात तर खालच्या विभागात जावे लागते. एनबीएमध्ये खाली जाणे हा प्रकारच नाही. तीस संघ आहेत आणि पुढच्या वर्षीही तेच तीस असणार. उलट तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये आधी निवडण्याची संधी जास्त असते. 2019 पासून सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची निवड मिळण्याची शक्यता प्रत्येकी 14 टक्के आहे. म्हणजे हरण्याला तिथे किंमतही असते. पुढचा विचार करून एखादे वर्ष हरणारा संघ आणि दिशा हरवून हरणारा संघ गुणतक्त्यात अगदी सारखे दिसतात.

ओक्लाहोमा सिटी थंडरचे सॅम प्रेस्टी यांचे उदाहरण मी मुलांना नेहमी देतो. 2019 च्या जुलैत त्यांनी पॉल जॉर्ज हा बिनीचा खेळाडू क्लिपर्स संघाला देऊन टाकला आणि बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा तरुण मुलगा आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या ढीगभर निवडी, म्हणजे पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, घेतल्या. पुढे 2020-21 मध्ये संघ 22 जिंकला, 50 हरला. त्याच्या पुढल्या मोसमात 24 विजय, 58 पराभव. इतके हरूनही मालकाने प्रेस्टींना हात लावला नाही. काय चालले आहे आणि का, हे मालकाला माहीत होते. 2024-25 मध्ये हाच संघ 68 सामने जिंकला आणि अजिंक्य ठरला.

मग खरे कारण काय?

माझे मत असे: मालक जीएमला झालेल्या पराभवांसाठी काढत नाही, पुढचे निर्णय त्याच्या हातून घ्यायची भीती वाटू लागते म्हणून काढतो.

मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवाल्यांकडे बघा. बंदी उठली की 1 ऑगस्टला ट्रॉलर समुद्रात जातात. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा पगार हे सगळे मालकाचे. कुठे जायचे, जाळे कुठे टाकायचे, हे तांडेल ठरवतो. एक खेप रिकामी आली म्हणून कोणी तांडेल बदलत नाही. पण आपण अमुक पाण्यात का गेलो याचे उत्तर त्याला देता आले नाही, किंवा उत्तर दिले आणि ते मालकाला पटेनासे झाले, की पुढच्या खेपेचे डिझेल त्याच्या भरवशावर भरायला मालकाचा हात धजत नाही. जीएमचे तसेच आहे. त्याच्या एकेका सहीने संघ चार-पाच वर्षे बांधला जातो. विश्वास उडालेल्या माणसाला आणखी एक ड्राफ्ट, आणखी एक मोठा करार करू देणे म्हणजे हरण्याची मुदत वाढवणे.

डॅलसमध्ये नेमके काय झाले?

2 फेब्रुवारी 2025, रविवार. आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा वाजत होते. मी बाजारातून परतत होतो आणि फोनवर आलेली बातमी खोटी असावी असेच वाटले: लुका डॉन्चिच लेकर्सकडे. पंचवीस वर्षांचा, पाच वेळा एनबीएच्या सर्वोत्तम पाचांत निवडलेला, आठच महिन्यांपूर्वी संघाला अंतिम फेरीत नेलेला खेळाडू. असा खेळाडू कोणी देत नसतो. डॅलसला बदल्यात मिळाले ते 31 वर्षांचे अँथनी डेव्हिस, तरुण मॅक्स ख्रिस्टी आणि 2029 ची पहिल्या फेरीची एक निवड.

हॅरिसन यांचे म्हणणे होते की विजेतेपद बचावाने मिळते आणि डेव्हिसमुळे बचाव भक्कम होईल. उन्हाळ्यात डॉन्चिचला सुमारे 34.5 कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार द्यावा लागला असता, त्याच्या तंदुरुस्तीबद्दलही शंका होत्या. हे मुद्दे मी हसण्यावारी नेणार नाही. शरीर न सांभाळणाऱ्या खेळाडूला इतका मोठा करार देताना कोणीही दोनदा विचार करेल. पण मग बाजारात विचारायला हवे होते. सौदा गुप्त राहावा म्हणून बोलणी एकाच संघाशी झाली. आंब्याच्या दिवसांत मानकुरादाची पहिली डझन घेऊन बसलेली बाईसुद्धा पहिल्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या भावाला देत नाही.

पुढचे सगळ्यांनी पाहिले. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाले. मार्चच्या सुरुवातीला कायरी अर्व्हिंगचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला. संघ 39 विजय आणि 43 पराभवांवर थांबला. मे महिन्यात अवघी 1.8 टक्के शक्यता असताना ड्राफ्टची पहिली निवड डॅलसलाच लागली आणि कूपर फ्लॅग संघात आला. दैवाने एवढे दान टाकूनही नव्या मोसमाची सुरुवात 3 विजय आणि 8 पराभवांची झाली. तेव्हा हॅरिसन गेले.

हे लक्षात घ्या की तो सौदा मालकांच्या बाजूने कारभार पाहणारे पॅट्रिक ड्युमाँट यांनी मंजूर केला होता. त्यांनी होकार दिल्याशिवाय तो झालाच नसता. नऊ महिन्यांनी त्यांनीच हॅरिसन यांना काढले. म्हणून मी म्हणतो की शिक्षा एका सौद्याची नव्हती. ज्याच्या शब्दावर आपण सर्वांत मोठा होकार दिला, त्याच्या पुढच्या शब्दावर होकार द्यायची हिंमत उरली नव्हती.

प्रेक्षकांच्या घोषणांनी जीएम जातो का?

एकट्या घोषणांनी नाही. डॅलसच्या प्रेक्षकांनी 'निकोला काढा' ही घोषणा महिनोन् महिने दिली, सौद्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांपासून. तेव्हा तो गेला नाही. पण रिकाम्या खुर्च्या, न विकलेली तिकिटे आणि स्वतःच्याच सभागृहात आपल्या संघाची होणारी हुर्यो मालकाला हिशेबाच्या वहीतही दिसते आणि घरीही ऐकू येते. घोषणा निर्णय घडवत नाहीत, पण थोडा लवकर आणतात.

पगाराची मर्यादा असते म्हणतात. तिचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. 2025-26 मोसमासाठी एका संघाची पगारमर्यादा सुमारे 15.46 कोटी डॉलर आहे. ती काही ठरावीक मार्गांनी ओलांडता येते, पण एका रेषेपुढे गेलात की लक्झरी टॅक्स, म्हणजे जास्तीच्या पगारावरचा दंड, लागतो, आणि जितके पुढे जाल तितका त्याचा दर चढतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या नव्या करारापासून आणखी वरची एक रेषाही आली. ती ओलांडणाऱ्या संघाचे सौदे करायचे मार्गच आवळले जातात.

म्हणजे चुकीच्या खेळाडूला चार वर्षांचा मोठा करार दिला, तर पैसे जातात ते जातातच, शिवाय त्या जागी दुसरा कोणी आणताही येत नाही. पैसा मालकाकडे पुष्कळ असतो. अडकून पडलेली जागा तो कितीही पैसा ओतून मोकळी करू शकत नाही. हिशेबाचा हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण जीएमच्या नोकरीचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

भविष्यातल्या निवडी देऊन टाकणे इतके वाईट का?

कारण ते बियाण्याचा दाणा दळून खाण्यासारखे आहे.

ब्रुकलिन नेट्सची कथा ऐका. मिखाईल प्रोखोरोव्ह या रशियन धनाढ्याने 2010 मध्ये संघ घेतला आणि पाच वर्षांत विजेतेपदाची भाषा केली. घाई मालकाची होती. 2013 मध्ये जीएम बिली किंग यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स आणले. गार्नेट 37 वर्षांचे, पिअर्स 35 चे. मोबदल्यात 2014, 2016 आणि 2018 च्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, आणि 2017 ची निवड अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. दोन्ही दिग्गज लवकरच गेले. संघ तळाला गेला, पण तळाला जाण्याचे फळ मात्र बॉस्टनच्या पदरात पडत राहिले. जानेवारी 2016 मध्ये 10-27 अशी स्थिती असताना कोच लायोनेल हॉलिन्स गेले आणि त्याच दिवशी किंग यांनाही पदावरून बाजूला केले.

ब्रुकलिनच्या त्या निवडींतून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि एका पुढच्या अदलाबदलीतून जेसन टेटम मिळाला. 2024 मध्ये अंतिम फेरीत डॉन्चिचच्या डॅलसला 4-1 असे हरवणारा संघ या दोघांभोवती उभा होता. 2013 ची सही अकरा वर्षांनी दुसऱ्याच्या अंगणात फळली.

चूक मालकाचीच असेल तर?

तरी जीएमच जातो. संघ मालकाच्या मालकीचा असतो. मला हे खटकते.

फिनिक्स सन्स पाहा. मॅट इश्बिया यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये संघ घेतला आणि काही दिवसांतच केव्हिन ड्युरंटसाठी दोन चांगले तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी गेल्या. त्या उन्हाळ्यात ब्रॅडली बील आला, ज्याच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही असे कलम होते. 2024-25 मध्ये लीगमधला सर्वांत महागडा संघ 36-46 वर आटोपला, प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतही, पोहोचला नाही. तेलही गेले, तूपही गेले. सलग तीन उन्हाळ्यांत तीन कोच गेले आणि जीएम जेम्स जोन्स यांची खुर्चीही गेली. घाईची सुरुवात कुठून झाली हे सगळे जाणतात, पण वड्याचे तेल वांग्यावर निघाले.

सॅक्रामेंटोबद्दल लिहिताना मला जास्त वाईट वाटते, कारण मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांनीच किंग्सला मुंबईत आणले. वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने झाले, भारतातले पहिले एनबीए सामने. त्या दोन दिवसांनी आपल्याकडच्या कित्येक मुलांना या खेळाचे वेड लावले. रणदिवे यांनी 2013 मध्ये संघ घेतला तेव्हापासून आताचे स्कॉट पेरी हे चौथे प्रमुख. 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड हाती असताना डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतले ते जीएम व्लादे दिवाच यांच्या काळात. 2020 मध्ये दिवाच गेले. त्यांच्यानंतर आलेल्या मॅकनेअर यांनी 2023 मध्ये सोळा मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला आणि वर्षातल्या सर्वोत्तम संघरचनाकाराचा पुरस्कारही मिळवला. दोनच वर्षांनी, डॅलसकडून हरल्याच्या रात्रीच, त्यांचा निरोप जाहीर झाला.

माणसे बदलत राहतात आणि दर वेळी नवा माणूस आधीच्याचे अर्धवट काम मोडून आपले सुरू करतो. याचा दोष खुर्चीतल्या माणसांना किती द्यायचा?

मालकाच्या घाईला लीगने एकदा लगामही घातला आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी भविष्यातल्या निवडी इतक्या उधळल्या की पुढे नियम आला: लागोपाठच्या दोन भावी वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देता येणार नाहीत. तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

खेळाडू जखमी झाले तर जीएम काय करणार?

काही नाही, आणि समजूतदार मालक तेवढी सूट देतो. पण आधीपासून दुखापतींचा इतिहास असलेल्या खेळाडूवर सगळी भिस्त ठेवली असेल, तर ते नशीब नसते, निवड असते.

जीएमला काढण्याची वेळ कोणती?

साधारण एप्रिल. साखळी संपलेली असते आणि जूनच्या ड्राफ्टला दोन महिने असतात. नव्या माणसाला निदान ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. फेब्रुवारीतल्या सौद्यांच्या मुदतीआधी काढले तर फोन उचलायलाच कोणी नसते. मोसमाच्या तोंडावर काढणे सगळ्यांत वाईट. फिनिक्सने ऑक्टोबर 2018 मध्ये रायन मॅकडोना यांना पहिल्या सामन्याला जेमतेम आठवडा-दीड आठवडा असताना काढले. ड्राफ्ट, करार, सगळे त्यांच्याकडून करवून घेतले आणि मग नारळ दिला. इतका उशीर करायचा तर एप्रिलमध्येच का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

'परस्पर संमतीने वेगळे झाले' म्हणजे काय?

बहुतेक वेळा काढलेच. कराराची उरलेली रक्कम सहसा दिली जाते, म्हणून शब्द सौम्य ठेवले जातात.

काढलेला जीएम बरोबर होता असे नंतर ठरते का?

पुष्कळदा. डेट्रॉइट पिस्टन्स 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरले आणि मोसम 14-68 वर संपला. जीएम ट्रॉय वीव्हर गेले. पुढच्याच वर्षी संघ 44-38, प्लेऑफमध्ये. पण त्या संघातला केड कनिंगहॅम, जेलन ड्युरेन, ऑसार थॉम्पसन ही मुले वीव्हर यांच्याच काळात आलेली. कुळागरात पोफळी लावतो एक आणि सुपारी उतरवतो दुसरा. मात्र नव्या प्रमुखांनी अनुभवी नेमबाज आणून जी घडी बसवली ती वीव्हर यांना बसवता आली नव्हती, हेही तितकेच खरे. माझ्या मते तो निर्णय योग्य होता आणि वीव्हर यांच्यावर अन्यायही झाला. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकी यांचा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. 2013 ते 2016 या तीन मोसमांत 47 विजय, 199 पराभव, आणि ते सगळे ठरवून. त्यांनी निवडलेला जोएल एम्बीड 2023 मध्ये मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. विजेतेपद मात्र आले नाही. ओक्लाहोमाच्या मालकाने धीर धरला तो फळला, फिलाडेल्फियात धीर संपला आणि एप्रिल 2016 मध्ये हिंकी यांनी राजीनामा दिला. धरला असता तर काय झाले असते यावर आमच्यातले दोघे अजून तावातावाने भांडतात.

नवा जीएम आला की आम्ही काय पाहायचे?

पहिली पत्रकार परिषद. खेळाडूंबद्दलच्या प्रश्नाला उत्तर कोण देतो, नवा माणूस की शेजारी बसलेला मालक? मग पहिला ड्राफ्ट. त्यानंतर पहिला फेब्रुवारी: संघ हरत असताना तो भविष्यातल्या निवडी विकतो की जपतो. विकल्या, तर त्या कोणाच्या घाईने विकल्या ते शोधायचा प्रयत्न करा. आणि कोचला हात लावायला तो किती दिवस घेतो तेही मोजा. आमच्याकडचा एक बारावीतला मुलगा हे सगळे वहीत टिपून ठेवतो. डॅलसचे पान त्याने फेब्रुवारी 2025 मध्येच उघडले होते.